बारावीनंतरचा पहिला निबंध: बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्यांसाठी

पहिलं सेमिस्टर सुरू झालं की दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन यायला लागतात. बारावीला टक्के चांगले पडलेले असतात, एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्ट्सला प्रवेश झालेला असतो, आणि मॅडमनी वर्गात सांगून टाकलेलं असतं: पंधराशे शब्दांचा निबंध, तीन आठवड्यांत. घरचे म्हणतात, त्यात काय एवढं, शाळेत निबंधाला कायम चांगले मार्क पडायचे की! मग निबंध जमा होतो आणि परत येतो तेव्हा खाली एक ओळ असते: माहिती भरपूर, पण प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?

शाळेतला निबंध एका विषयावर असतो. मोबाइल शाप की वरदान, माझा आवडता नेता, पाणी वाचवा. मुद्दे दिलेले असतात, ते फुलवायचे, मध्ये एखादा सुविचार, शेवटी आवाहन. युनिव्हर्सिटीतला निबंध म्हणजे एका प्रश्नाला तुम्ही दिलेलं उत्तर आणि ते उत्तर वाचणाऱ्याने का मानावं याची कारणं. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात. एखादी पायरी विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

उदाहरणासाठी मी सगळीकडे एकच प्रश्न घेतो, तोही आपल्या गावचा: "१९०६ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने बडोदा संस्थानातील मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न कितपत सुटला?" तुमचा विषय अर्थशास्त्र असो, मानसशास्त्र असो की इंग्रजी साहित्य, कामाची रीत तीच.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- आयकार्ड आणि लायब्ररीचं कार्ड. लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात करून घ्या, निबंधाच्या तारखा जवळ आल्या की खिडकीवर रांग लागते.
- पेपरचा सिलॅबस, वाचनाच्या यादीसकट. यादी बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असते आणि मुलं नेमकं तेच पान झेरॉक्स करत नाहीत.
- निबंधाची सूचना शब्दशः उतरवलेली: शब्दमर्यादा, तारीख, हस्तलिखित की टाइप केलेला, संदर्भ कुठल्या पद्धतीने, कागदावर की ऑनलाइन.
- एक जाड वही, फक्त नोंदींसाठी. सुट्टे कागद हरवतात.
- फाइल ठेवायला पेनड्राइव्ह आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवलेली एक प्रत. दोन्ही.

१. प्रश्न वाचा, मग परत वाचा

इथे अर्धा तास घालवला तर पुढचे चार दिवस वाचतात. प्रश्न वहीत मधोमध लिहा आणि त्याचे तुकडे पाडा. आपल्या प्रश्नात चार तुकडे आहेत: १९०६ चा कायदा, बडोदा संस्थान, मुलींचं शिक्षण आणि 'कितपत'. नवखा विद्यार्थी पहिल्या दोन तुकड्यांवर बाराशे शब्द लिहितो, तिसऱ्यावर दोनशे आणि चौथा त्याला दिसतच नाही. मार्क मात्र चौथ्याला असतात. 'कितपत' म्हटलं की उत्तर पूर्ण हो किंवा पूर्ण नाही असं क्वचितच येतं. काय सुटलं, काय राहिलं आणि मोजलं कशावरून, हे तिन्ही सांगावं लागतं.

पेपर इंग्रजीत असेल तर प्रश्नाच्या क्रियापदाकडे बघा. 'डिस्क्राइब' असेल तर कसं आहे ते सांगा. 'डिस्कस' म्हणजे वेगवेगळ्या बाजू मांडून शेवटी आपली बाजू घ्या. 'क्रिटिकली एक्झॅमिन' दिसलं की मुलांना टीका करायची आहे असं वाटतं. तसं नाही. विधान किती टिकतं ते पुराव्यावर घासून बघायचं. टिकलं तर टिकलं म्हणा. 'कंपेअर' असेल तर आधी अ बद्दल तीन पानं आणि मग ब बद्दल तीन पानं लिहू नका. मुद्दा घ्या आणि त्या मुद्द्यावर दोघांना समोरासमोर उभं करा.

तुकडे पाडून झाले की प्रत्येकाखाली 'म्हणजे काय?' असं लिहा. शिक्षणाचा प्रश्न सुटला म्हणजे काय? शाळेत नाव घातलं गेलं? मुलगी शाळेत टिकली? लिहा-वाचायला शिकली? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि असा फरक करता आला की निबंध अर्धा उभा राहिला समजा.

२. शिक्षकांना भेटा, पण तयारीने

शाळेत शंका विचारणं म्हणजे लक्ष नसणं असा एक समज असतो. इथे उलट आहे. फक्त "मॅडम, काय लिहायचं?" असं विचारू नका. "मॅडम, मी या प्रश्नात नाव घालणं आणि शाळेत टिकणं असा फरक करायचं म्हणतेय. यावर आणखी काय वाचू?" असं विचारा. अशा प्रश्नाला शिक्षक खुर्ची सरकवून उत्तर देतात, वर दोन पुस्तकांची नावंही देतात. संदर्भाची पद्धत, मराठी किंवा गुजराती पुस्तकांचा आधार चालेल का, उपमथळे द्यायचे का, हेही तेव्हाच विचारून घ्या. दर डिपार्टमेंटची रीत वेगळी असते, आणि सीनियरने सांगितलेली रीत कदाचित भलत्याच पेपरची असते.

३. वाचन: कुठे आणि कोणत्या क्रमाने

गाईड आणि कोणीतरी पुरवलेल्या पीडीएफ नोट्स बाजूला ठेवा. त्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी असतात.

पहिली पायरी, विषयाची तोंडओळख. त्यासाठी विकिपीडिया, मराठी विश्वकोश, गुजराती विश्वकोश खुशाल वाचा. तिन्ही ऑनलाइन आहेत. त्यातून नावं, सनावळी आणि पुढे काय शोधायचं ते कळतं. पण निबंधात विकिपीडियाचा हवाला देऊ नका. तिथल्या तळटिपेत जे पुस्तक दिलंय तिथपर्यंत जा.

दुसरी पायरी, युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी. युनिव्हर्सिटी १९४९ साली स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, त्यांचंच नाव लायब्ररीला आहे. कॅटलॉगमध्ये पुस्तक सापडलं की त्याचा नंबर घेऊन थेट कपाटाशी जा आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताची पुस्तकंही बघा. एकाच विषयाची पुस्तकं शेजारी लावलेली असतात, त्यामुळे कॅटलॉगमध्ये सुचलं नसतं ते तिथे हाताला लागतं. अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही. अनुक्रमणिका, प्रस्तावना, आपल्या कामाचं प्रकरण आणि शेवटची सूची. पहिल्या वर्षाला चार-पाच चांगली साधनं नीट वाचली तर पुरे झालं.

तिसरी, मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. आपल्यातले कितीतरी जण तिच्यावरून रोज जातात आणि आत एकदाही गेलेले नसतात, याचं मला नवल वाटतं. सयाजीरावांनी बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेतून आणले आणि १९१० साली संस्थानातल्या ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, त्यातली ही. कपाटांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, त्या बघायला म्हणून तरी जा. बडोदा संस्थानाच्या इतिहासावर काही लिहायचं असेल तर जुनी मराठी आणि गुजराती पुस्तकं इथे बघायला हवीत. आणि इथे मराठी घरातल्या मुलांना एक फायदा आहे जो आपण वापरत नाही. घरी मराठी, शाळेत गुजराती, वर्गात इंग्रजी. ज्याला तीन भाषांतलं वाचता येतं त्याला वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त साधनं खुली असतात. आजोबा मोडी वाचत असतील तर मग बोलायलाच नको.

चौथी, घरबसल्या. जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन साठ्यावर फुकट खातं उघडलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. शोधगंगा हा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या युनिव्हर्सिट्यांच्या लायब्ररी जोडणाऱ्या केंद्राचा साठा, त्यात देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांचे पीएचडीचे प्रबंध आहेत. प्रबंधाचं पहिलं-दुसरं प्रकरण वाचा, त्या विषयावर आधी कोणी काय म्हटलंय त्याचा आढावा तिथे तयार मिळतो. तो उचलायचा नाही, त्यातून वाट काढायची.

आपल्या प्रश्नासाठी मूळ साधनंही आहेत: संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि जनगणनेचे बडोद्यावरचे खंड. १९११ चा खंड गोविंदभाई देसाईंनी तयार केलेला आहे. अशा एखाद्या अहवालातलं एक कोष्टक स्वतः वाचून वापरलंत तर निबंधाचं वजन लगेच वाढतं. पण लक्षात ठेवा, संस्थानचा अहवाल हा संस्थाननेच लिहिलेला असतो. तो स्वतःची पाठ थोपटणार. त्यातले आकडे घ्या, कौतुक सोडा.

४. नोंदी अशा घ्या की महिन्याभरानेही कळतील

पानाच्या वर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष. हे आधी, मग बाकीचं. प्रत्येक नोंदीपुढे समासात पान क्रमांक. पान क्रमांक न लिहिता घेतलेली नोंद म्हणजे जमा करायच्या आदल्या रात्री लायब्ररी बंद असताना होणारा मनस्ताप.

आणि रंग ठरवून टाका. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर लाल पेन आणि अवतरणचिन्हं. लेखकाचा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहिला तर निळं. वाचताना तुम्हाला स्वतःला काही सुचलं तर पेन्सिल. उदाहरणार्थ निळ्यात: "कायद्यात मुलांना ७ ते १२, मुलींना ७ ते १० सक्ती." आणि त्याखाली पेन्सिलने: "मुलींची सक्ती दोन वर्षं आधी का संपते? लग्नाचं वय? शिक्षिका नव्हत्या म्हणून?" निबंध शेवटी या पेन्सिलच्या ओळींतून तयार होतो. वहीत निळंच निळं असेल तर तुम्ही अजून वाचताय, विचार सुरू झालेला नाही.

मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवणं म्हणजे वाचणं नव्हे. गॅलरीत दोनशे फोटो आणि वहीत शून्य ओळी, अशी मंडळी दर वर्षी भेटतात.

५. आपलं म्हणणं एका वाक्यात लिहा

सगळ्यात अवघड पायरी ही. शाळेने आपल्याला शिकवलेलं असतं की मोठ्यांनी लिहिलंय ते बरोबर, आपण ते नीट मांडायचं. त्यामुळे 'तुझं मत काय' असं कोणी विचारलं की आपण एकदम गप्प होतो, नाहीतर 'माझ्या मते शिक्षण महत्त्वाचे आहे' असलं काहीतरी लिहितो, ज्याला कोणीच नाही म्हणणार नाही. ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही ते वाक्य निबंधाच्या कामाचं नाही.

मत मांडणं म्हणजे काय ते बघायला एक उदाहरण बडोद्याशीच जोडलेलं आहे. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये हिंदुस्थानातल्या जातींवर निबंध वाचला. विद्यार्थ्याने सेमिनारसाठी लिहिलेला निबंधच तो, तुम्ही लिहिणार तशाच जातीचा. त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर या चौघांनी जातीची व्याख्या कशी केली ते ते सांगतात. यातले केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. मग प्रत्येक व्याख्या कुठे तोकडी पडते ते दाखवतात. आणि मग स्वतःचं म्हणणं: जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्याचं बंधन. पुढे सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींचा अर्थ त्याच एका म्हणण्यातून लावत जातात. चार जाणत्यांचं ऐकून घेतलं, त्यांच्याशी आदराने वाद घातला, आपली बाजू घेतली आणि ती शेवटपर्यंत चालवली.

पहिल्या सेमिस्टरला कोणी तेवढ्या ताकदीची अपेक्षा करत नाही. पण सांगाडा तोच घ्यायचा: इतर काय म्हणतात, त्यात काय उणं आहे, मी काय म्हणतो, कशावरून.

आपल्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर असं असू शकेल: "१९०६ च्या कायद्याने मुली शाळेच्या पटावर आल्या, पण त्यांच्यासाठी सक्तीचा काळच तोकडा ठेवल्यामुळे त्या शाळेत टिकण्याचा प्रश्न कायद्याच्या बाहेरच राहिला." याला कोणीतरी नाही म्हणू शकतं. म्हणू शकतं की त्या काळात, जेव्हा ब्रिटिश मुलखात गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेलं सक्तीच्या शिक्षणाचं बिलसुद्धा पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं, तेव्हा बडोद्याने मुलींना कायद्यात घेतलं हेच मोठं. चांगली हरकत आहे. ती निबंधात घ्या आणि तिला उत्तर द्या. समोरच्याची हरकत लपवली तर निबंध कच्चा दिसतो.

वाचताना पुरावा उलटा निघाला तर वाक्य बदला. वाक्य वाचवायला पुरावा मुरडू नका.

६. आराखडा, मराठीत

युनिव्हर्सिटीचं माध्यम इंग्रजी आहे, म्हणून मुलं पहिल्या ओळीपासून इंग्रजीत सुरू करतात आणि विचार करायचा सोडून शब्द शोधत बसतात. आराखडा मराठीत करा, गुजरातीत करा, मिसळून करा, तो कोणी तपासत नाही. पाच-सहा ओळी पुरतात, दर ओळ म्हणजे एक परिच्छेद आणि दर ओळ पूर्ण वाक्य. 'कायद्याच्या तरतुदी' असं लिहू नका. 'तरतुदींतच मुलामुलींत फरक केला होता' असं लिहा. मग त्या ओळी आई-बाबांना किंवा ताईला मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना इतिहास येत नसला तरी गाडी कुठे रुळावरून घसरली ते बरोबर कळतं.

७. परिच्छेद लिहिणे

हा भाग जरा जवळून बघू. नव्याने आलेल्याचा पहिला परिच्छेद साधारण असा असतो:

"श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी कवळाणा येथे झाला. १८७५ मध्ये ते दत्तक आले. ते अत्यंत दूरदृष्टीचे राजे होते. त्यांनी प्रजेसाठी अनेक सुधारणा केल्या. त्यांनी शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिक्षण हा समाजाचा पाया आहे."

यात चुकीचं काही नाही. पण जन्म कवळाण्याला झाला की आणखी कुठे, यामुळे मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न कितपत सुटला याच्या उत्तरात काडीचा फरक पडत नाही. 'दूरदृष्टीचे' हा निकाल आहे आणि तो पुराव्याआधीच देऊन टाकलाय. 'अनेक सुधारणा' म्हणजे कुठल्या, ते नाही. शेवटचं वाक्य फळ्यावरच्या सुविचाराचं. आपल्याकडे महाराजांबद्दल मनात माया असते, असावीच, कमाटीबागेत खेळून मोठे झालेलो आपण. पण निबंधात ती माया बाजूला ठेवावी लागते.

आता हेच असं लिहून बघा:

"बडोदा संस्थानने सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ च्या कायद्याने तो संस्थानभर नेला. मात्र कायद्याने मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळा सक्तीची केली, म्हणजे मुलीची सक्ती मुलाच्या दोन वर्षं आधी संपत होती. शाळेत नाव घालण्याचा प्रश्न कायद्याने हाती घेतला, पण मुलगी शाळेत किती काळ टिकावी याबाबत त्याने मुलापेक्षा कमी अपेक्षा ठेवली. म्हणून केवळ पटावरच्या संख्येवरून कायद्याचं यश मोजता येत नाही."

पहिलं वाक्य फक्त लागेल तेवढी पार्श्वभूमी देतं. दुसरं पुरावा ठेवतं, आणि तळटीप लागते ती इथे. तिसरं पुराव्याचा अर्थ लावतं. चौथं तो अर्थ प्रश्नाशी नेऊन बांधतं. मुलं दुसऱ्या वाक्यावर थांबतात: तारीख दिली, वय दिलं, झालं. प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की समासात स्वतःलाच विचारा: "बरं मग?" त्या प्रश्नाचं उत्तर परिच्छेदात नसेल तर ते लिहा. परिच्छेदातून काही निघतच नसेल तर परिच्छेद काढा. कितीही मेहनतीने लिहिलेला असला तरी.

प्रस्तावना शेवटी लिहा, नाहीतर शेवटी पुन्हा लिहा. लिहिताना मत थोडं सरकतंच. समारोपात नवा मुद्दा आणू नका आणि 'चला, आपण सर्वांनी संकल्प करूया' तर अजिबात नको.

८. इंग्रजीत उतरवताना

व्याकरणाचं पुस्तक इथे उघडत नाही. आपल्या मंडळींच्या ठरलेल्या चुका तेवढ्या सांगतो.

मराठीत 'ए' आणि 'द' नाहीत, म्हणून ते एकतर गळतात नाहीतर सगळीकडे पडतात. नामांवर एक वेगळा फेरा मारून फक्त तेच तपासा. 'डिस्कस' नंतर 'अबाउट' लागत नाही. मराठीतल्या 'च' साठी दर दोन ओळींनी 'ओन्ली' येतो, तो बहुतेक ठिकाणी कापा. लांबलचक वाक्य, ज्यात 'विच' तीनदा येतं, ते मोडून दोन करा. आणि शब्दकोशातून भारदस्त शब्द शोधून घालू नका. साधा शब्द बरोबर वापरलेला असेल तर त्याला कोणी मार्क कापत नाही. जड शब्द चुकीच्या जागी पडला की अख्खं वाक्य हसं होतं.

९. संदर्भ, नक्कल आणि चॅटबॉट

दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्ह आणि संदर्भ. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत घेतला तरी संदर्भ हवाच, हे बारावीपर्यंत कोणी सांगितलेलं नसतं. वाक्यातले चार शब्द बदलून टाकले की ते आपलं झालं, असं होत नाही. इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत, मानसशास्त्रात एपीए, इंग्रजी साहित्यात एमएलए साधारण चालते. तुमच्या शिक्षकांनी जी सांगितली ती शेवटपर्यंत एकच ठेवा. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुस्तकांची माहिती त्यात एकदा भरली की संदर्भसूची तेच लावून देतं.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नक्कल रोखण्याचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य सोडून देतात, पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्यांनी दंड वाढतो. सगळ्यात वरच्या पायरीला प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. या पायऱ्या मुख्यतः वरच्या वर्गांच्या प्रबंधांसाठी आहेत, पण त्यावरून मुलांनी भलताच धडा घेतलाय की दहा टक्के उचललं तर चालतं. नाही चालत. एक परिच्छेद उचलला तरी ती उचलेगिरीच, मशीनचा आकडा काही का येईना. मागच्या वर्षीच्या दादा-ताईचा निबंध 'फक्त फॉरमॅट बघायला' मागून घेण्याचं टाळा. डोळ्यांत शिरलेलं हातातून उतरतंच.

एआयच्या चॅटबॉटबद्दल डिपार्टमेंटचा नियम काय आहे ते आधी विचारा. नियम काहीही असो, त्याने दिलेला एकही संदर्भ स्वतः पुस्तक उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. तो नसलेल्या पुस्तकांची नावं, लेखक आणि पान क्रमांकासकट, बिनदिक्कत देतो. आणि शिक्षकांनी त्या विषयात आयुष्य घालवलेलं असतं. कुठलं पुस्तक नाही ते त्यांना यादीवर नजर टाकताच कळतं.

१०. जमा करणे

पहिला खर्डा तारखेच्या निदान चार दिवस आधी संपवा, एक दिवस त्याकडे बघू नका, मग कागदावर काढून मोठ्याने वाचा. स्क्रीनवर न दिसलेल्या चुका कागदावर दिसतात. मुखपृष्ठावर नाव, पीआरएन (तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक), सेमिस्टर, पेपरचं नाव आणि कोड, शिक्षकांचं नाव, तारीख. पान क्रमांक घाला. शब्दमर्यादेच्या फार वर जाऊ नका; पंधराशेला अडीच हजार दिले म्हणजे जास्त अभ्यास दिसतो असं नाही, काय ठेवायचं ते ठरवता आलं नाही असं दिसतं.

मराठी डिपार्टमेंटसाठी मराठीत टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून सोबत पीडीएफही काढून ठेवा. प्रिंट आदल्या दिवशी. शेवटच्या दिवशी फतेहगंजच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि तेव्हाच नेमकी लाइट जाते.

११. निबंध परत आल्यावर

मार्क बघून बॅगेत कोंबू नका. समासातले शेरे वहीच्या मागच्या पानावर उतरवा, पेपरवार. दोन-तीन निबंधांनंतर एकच शेरा पुन्हा पुन्हा दिसायला लागतो. कोणाचा 'पुरावा कुठे', कोणाचा 'प्रश्नापासून भरकटलात', कोणाचा नुसता संदर्भांचा घोळ. पुढच्या वेळी सगळं सुधारायला जाऊ नका, तेवढा एकच घ्या. एखादा शेरा वाचताच आला नाही, आणि शिक्षकांचं अक्षर हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे, तर निबंध घेऊन डिपार्टमेंटमध्ये जा आणि विचारा. सकाळच्या तासांनंतर जा. दुपारी एकच्या सुमाराला सगळे डबे उघडून बसलेले असतात.